सॅक्रामेंटो किंग्ज : मुख्य प्रशिक्षकाला नारळ द्यावा का?

डेक्कनवासी (धागालेखक)

पुण्यातल्या बास्केटबॉलप्रेमींना सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ परका नाही. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे) भारतातले पहिले दोन सामने झाले, ते किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यातच. पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा पेसर्सने जिंकला. संघाच्या मालकगटाचे प्रमुख विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. त्या निमित्ताने पुण्यातल्या अनेकांचे या संघाशी नाते जडले. तिकडचा संध्याकाळचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होतो, त्यामुळे कामावर निघण्यापूर्वी निदान पूर्वार्ध तरी पाहून होतो.

यंदाच्या २०२५-२६ च्या हंगामात किंग्ज पश्चिम विभागाच्या तळाशी रेंगाळू लागल्यापासून प्रत्येक पराभवानंतर एकच मागणी ऐकू येते : मुख्य प्रशिक्षक डग क्रिस्टी यांना काढा. माझे स्पष्ट मत असे आहे की हंगामाच्या मध्यात त्यांना काढू नये, आणि हे मत क्रिस्टी यांच्याविषयीच्या आपुलकीतून आलेले नाही. या संघाचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर प्रशिक्षक बदलणे हाच एक उपाय असा आहे की जो इथे पुन:पुन्हा करून झाला आहे.

१९९८ ते २००६ या काळात रिक एडलमन प्रशिक्षक होते आणि त्या आठही हंगामांत किंग्ज प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) पोहोचले. २००१-०२ मध्ये संघाने ६१ सामने जिंकले आणि पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लेकर्सविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत झुंज दिली. आज ज्यांच्या नावाने खडे फोडले जात आहेत ते क्रिस्टी त्याच संघातले उत्तम बचावपटू होते. २००६ मध्ये एडलमन यांचा करार वाढवला गेला नाही. त्यानंतर सलग सोळा हंगाम हा संघ प्लेऑफच्या बाहेर राहिला, आणि तेव्हापासून आजपर्यंत हंगामी (तात्पुरते) प्रशिक्षक धरून तेरा जण त्या खुर्चीवर बसले.

त्यातली दोन उदाहरणे मला विशेष बोचतात. डिसेंबर २०१४ मध्ये मायकेल मलोन यांना ११ विजय आणि १३ पराभव अशा स्थितीत काढले. त्या वेळी संघाचा आधारस्तंभ डीमार्कस कझिन्स मेनिंजायटिसने आजारी होता आणि त्याच्याविना संघ हरत होता, हे उघड दिसत असूनही काढले. त्याच मलोन यांनी पुढे डेन्व्हरला २०२३ चे विजेतेपद मिळवून दिले. दुसरे उदाहरण डेव्ह येगर यांचे. त्यांनी संघाला २७ विजयांवरून ३९ वर नेले, जी त्या वेळी तेरा वर्षांतली सर्वोत्तम कामगिरी होती, आणि हंगाम संपताच एप्रिल २०१९ मध्ये त्यांना निरोप देण्यात आला. त्यांच्या जागी आलेल्या ल्यूक वॉल्टन यांनी लागोपाठ दोन हंगामांत ३१ विजय आणि ४१ पराभव अशी तंतोतंत सारखी कामगिरी केली आणि तिसऱ्या हंगामात ६-११ वर तेही गेले.

आता ज्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही त्यांच्याविषयी. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दुसऱ्या क्रमांकाची निवड हाती असताना या संघाने लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतले. ती निवड व्यवस्थापनाची होती, पण तिची किंमत पुढे येगर आणि वॉल्टन यांनी मोजली. आजच्या संघात झॅक लव्हीन आणि डेमार डीरोझन एकत्र आहेत. हीच जोडी शिकागोत एकत्र असताना फक्त एकदा, २०२२ मध्ये, प्लेऑफ गाठू शकली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली. दोघांनाही चेंडू हातात घेऊन स्वतःचा फटका तयार करायला आवडते आणि बचाव हे दोघांचेही बलस्थान नाही. जे शिकागोत जमले नाही ते सॅक्रामेंटोत क्रिस्टी यांनी जमवून दाखवावे, ही अपेक्षा म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचा प्रकार आहे. त्यात हंगामापूर्वीच कीगन मरेच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि नोव्हेंबरमध्ये डोमांटास सबोनिसचा गुडघा दुखावला. संघातला सर्वात भरवशाचा रिबाउंडर (चुकलेल्या फटक्याचा चेंडू मिळवणारा) आणि सर्वात भरवशाचा बचावपटू यांच्याविना खेळणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाचे मूल्यमापन नेमके कशाच्या आधारे करायचे?

आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील. विरोधी मत सविस्तर कारणांसह मांडल्यास अधिक चांगले.

पॉइंटगार्ड

लेख अभ्यासपूर्ण आहे, तरीही मी सहमत नाही. आपण फक्त फसलेले बदल मांडले आहेत. मधल्या हंगामातल्या बदलाने संघ सावरल्याची उदाहरणेही ठळक आहेत.

अटलांटा हॉक्सने १ मार्च २०२१ रोजी लॉइड पिअर्स यांना १४-२० अशा स्थितीत काढले. नेट मॅकमिलन यांच्या हाताखाली त्याच खेळाडूंनी उरलेल्या सामन्यांत २७ जिंकले आणि ११ गमावले, आणि पुढे पूर्व विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. जानेवारी २०१६ मध्ये क्लीव्हलँडने डेव्हिड ब्लॅट यांना ३०-११ अशा उत्तम स्थितीत असताना काढले. तेव्हा सर्वांनी नावे ठेवली, पण टायरॉन लू यांनी त्याच हंगामात विजेतेपद आणले. १९८१ मध्ये लेकर्सने अवघ्या अकरा सामन्यांनंतर पॉल वेस्टहेड यांना काढून पॅट रायली यांना आणले आणि त्याही हंगामात विजेतेपद मिळाले.

राहता राहिला अलीकडचा पुरावा. डेट्रॉइट पिस्टन्सने २०२३-२४ मध्ये माँटी विल्यम्स यांच्या हाताखाली सलग २८ सामने गमावले, एकाच हंगामातला तो एनबीएचा नीचांक आहे, आणि हंगाम १४-६८ वर संपवला. त्यांचा करार सहा वर्षांचा आणि सुमारे ७ कोटी ८५ लाख डॉलरचा असूनही संघाने एका वर्षात तो गुंडाळला. जे. बी. बिकरस्टाफ आले आणि पुढच्याच हंगामात संघ ४४-३८ वर पोहोचला. झालेला खर्च बुडीत धरून बदल करण्याचे धैर्य डेट्रॉइटने दाखवले नसते, तर त्या शहराने आणखी एक वर्ष फुकट घालवले असते.

संयम हा गुण आहे हे मान्य, परंतु समोर संघ विस्कटत असताना हातावर हात ठेवून बसणे आणि संयम राखणे यांत फरक केला पाहिजे. चाहते तिकिटाला आणि वर्गणीला पैसे मोजतात, त्यांना उरलेला हंगाम निमूटपणे सोसायला सांगणे मला पटत नाही.

डेक्कनवासी

पॉइंटगार्ड, उदाहरणे योग्य आहेत, पण ती नीट तपासू या. क्लीव्हलँडकडे लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्व्हिंग होते. लेकर्सकडे मॅजिक जॉन्सन आणि करीम अब्दुल-जब्बार होते. हे दोन्ही संघ जिंकतच होते. तिथला प्रश्न उत्तम संघाला विजेतेपदापर्यंत कोण नेईल हा होता, तळाचा संघ वर कसा येईल हा नव्हता. त्यातही जिंकणाऱ्या संघाने मध्येच प्रशिक्षक बदलला की फायदाच होतो असे नाही. मिलवॉकीने जानेवारी २०२४ मध्ये एड्रियन ग्रिफिन यांना ३०-१३ वर काढले, डॉक रिव्हर्स यांना आणले आणि त्यांच्या हाताखालच्या ३६ सामन्यांत संघाचे विजय १७ आणि पराभव १९ झाले.

डेट्रॉइटचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. त्यांनी २८ पराभवांच्या काळातही विल्यम्स यांना हंगाम पूर्ण करू दिला. आधी संघ चालवणारे वरचे नेतृत्व बदलले, त्या नव्या नेतृत्वाने जूनमध्ये प्रशिक्षक बदलला आणि उन्हाळ्यात केड कनिंगहॅमभोवती नेमबाजी करणारे अनुभवी खेळाडू आणून बसवले. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आणि रिव्हर्स यांचाच आधीचा इतिहास पाहा. २००६-०७ मध्ये बॉस्टनने त्यांच्या हाताखाली २४ सामने जिंकले आणि ५८ गमावले, त्यात सलग १८ पराभव होते. त्यांना काढा म्हणून ओरड होती. संघाची सूत्रे सांभाळणारे डॅनी एंज यांनी त्यांना ठेवले, केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन यांना आणले, आणि पुढच्या वर्षी ६६-१६ अशा कामगिरीसह संघ विजेता ठरला. एका वर्षात प्रशिक्षकाची बुद्धी वाढली नव्हती, त्याच्या हातातले खेळाडू बदलले होते.

कोथरूडकर

पुणेकरांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. खेळ वेगळा आहे, पण प्रसंग जवळचा आहे. रायझिंग पुणे संघ २०१६ च्या आयपीएलमध्ये चौदापैकी नऊ सामने हरून आठ संघांत सातवा आला. त्या हंगामात पीटरसन, ड्यू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श असे एकामागून एक खेळाडू दुखापतीने बाहेर पडले होते. पुढच्या वर्षी संघाने प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांना कायम ठेवले, धोनीऐवजी स्मिथला कर्णधार केले आणि बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी रुपये मोजले. संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि अवघ्या एका धावेने हरला. कर्णधार बदलण्याची पद्धत अनेकांना रुचली नव्हती, मलाही नाही, परंतु प्रशिक्षकाला दोष देऊन मोकळे होण्याचा सोपा मार्ग त्या वेळी घेतला गेला नाही, हे नोंदवले पाहिजे.

हिशेबनीस

आर्थिक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. प्रशिक्षकच नेहमी का जातो, याचे उत्तर एनबीएच्या नियमांत आहे. खेळाडूंचे करार बहुतांशी हमीचे असतात आणि त्यांचे वेतन सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण वेतनखर्चाच्या मर्यादेत) मोजले जाते. लव्हीनसारख्या अवाढव्य कराराचा खेळाडू हलवायचा तर समोरच्या संघाकडून जवळपास तेवढ्याच वेतनाचे खेळाडू घ्यावे लागतात, शिवाय ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत फेब्रुवारीत संपते. प्रशिक्षकाचे वेतन कॅपमध्ये धरले जात नाही. मालकाने स्वतःच्या खिशातून उरलेली रक्कम दिली की काम झाले. म्हणजे पंधरा खेळाडू बदलणे जवळजवळ अशक्य, आणि एक माणूस बदलणे एका दूरध्वनीचे काम. निर्णय सोपा आहे म्हणून घेतला जातो, योग्य आहे म्हणून घेतला जातोच असे नाही.

दुसरा मुद्दा ड्राफ्टचा. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना सोडतीत पहिल्या क्रमांकाच्या निवडीची समान, म्हणजे प्रत्येकी १४ टक्के संधी असते. हा हंगाम हातचा गेलाच असेल, तर नव्या प्रशिक्षकाच्या उत्साहात सात-आठ सामने जास्त जिंकून गुणतालिकेत तळातून किंचित वर येणे ही या संघासाठी सर्वात वाईट जागा आहे. संघाने मुद्दाम हरावे असे मी म्हणत नाही, ते खेळाशी बेइमानी ठरेल. पण तात्पुरत्या उसळीसाठी जास्तीचा पैसा आणि उद्याची संधी दोन्ही खर्च करण्यात शहाणपण नाही.

शिट्टी

मी पुण्यात शालेय आणि क्लबच्या मुलांना अनेक वर्षे बास्केटबॉल शिकवतो. व्यावसायिक संघाशी तुलना करण्याचा अधिकार मला नाही, पण संघाने प्रशिक्षकाचे ऐकणे सोडले आहे की नाही, हे ओळखण्याच्या खुणा सोळा वर्षांखालच्या मुलांत आणि एनबीएत फारशा वेगळ्या नसतात. धावफलक पाहून ते कळत नाही.

मी पहिली गोष्ट पाहतो ती फटका चुकल्यानंतरच्या तीन सेकंदांची. चेंडू रिंगवर आदळून प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला की आपले पाचही जण पाठ फिरवून आपल्या बास्केटकडे धावतात का, की फटका चुकवणारा पंचाकडे हात पसरून उभा राहतो आणि बाकीचे चालत परततात? दुसरी गोष्ट म्हणजे मदतीचा बचाव. आपला साथीदार हरला आणि समोरचा खेळाडू आत घुसला, तर कोपऱ्यातला बचावपटू स्वतःचा माणूस सोडून आडवा येतो का, आणि तो आडवा आल्यावर त्याच्या सुटलेल्या माणसाकडे तिसरा धावतो का? ही साखळी विश्वासावर चालते. मी मदतीला गेलो तर माझी जागा कोणीतरी भरेल, एवढा भरवसा नसेल तर कोणीच जागा सोडत नाही. तिसरी खूण टाइमआउटमधली. प्रशिक्षक पाटीवर आखत असताना पाचही जणांच्या नजरा पाटीवर असतात की दोघे टॉवेलने तोंड पुसत प्रेक्षकांकडे पाहत असतात, हे दूरचित्रवाणीवरही दिसते.

या दृष्टीने मी किंग्जचे सामने पाहतो तेव्हा मला मिश्र चित्र दिसते. तरुण खेळाडू परत धावतात, आडवे येतात आणि चुकतात. त्या चुका शिकणाऱ्याच्या आहेत. काही अनुभवी खेळाडूंच्या बाबतीत मात्र परत येण्यातला आळस दिसतो, आणि तो क्रिस्टी यांच्या आधीपासूनचा आहे. २६ डिसेंबर २०२४ चा डेट्रॉइटविरुद्धचा सामना आठवा. शेवटच्या काही सेकंदांत किंग्जकडे तीन गुणांची आघाडी होती. अशा वेळी तीन गुणांचा फटका मारणाऱ्याला फाउल करायचा नाही, हे आम्ही मुलांनाही पहिल्या वर्षी शिकवतो. किंग्जच्या डी'एरन फॉक्सने नेमका डेट्रॉइटच्या जेडन आयव्हीला फटक्याच्या वेळी फाउल केला, चेंडू आत गेला, फ्री थ्रोही गेला आणि सामना ११४-११३ असा हातचा गेला. तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक माइक ब्राउन यांनी सामन्यानंतर त्या चुकीविषयी जाहीरपणे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. एकमताने वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरून आणि सोळा वर्षांचा दुष्काळ संपवून दोन वर्षेही झाली नव्हती.

या घटनेतून खेळाडू काय शिकले असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो. चूक दाखवणारा माणूस गेला. त्यानंतर येणारा कोणताही प्रशिक्षक मोठ्या खेळाडूला बाकावर बसवण्यापूर्वी दहादा विचार करील. वर्षभरात पुन्हा तेच घडले, तर त्या ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षकाच्या शब्दाला काही किंमत उरणार नाही, मग तिथे कितीही नावाजलेला माणूस आणा.

पॉइंटगार्ड

शिट्टी यांचा शेवटचा परिच्छेद मला सर्वात महत्त्वाचा वाटतो आणि त्याचा प्रतिवाद करणे सोपे नाही. तरीही माझा एक प्रश्न उरतो. क्रिस्टी यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून २७ विजय आणि २४ पराभव अशी कामगिरी केली, त्या बळावर मे २०२५ मध्ये त्यांना कायम केले गेले. त्यापूर्वी त्यांना कोणत्याही एनबीए संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून पूर्ण हंगामाचा अनुभव नव्हता. ते मुळातच या कामासाठी अपुरे असतील तर? प्रत्येक अपयशी प्रशिक्षकाला मायामीचे एरिक स्पोल्स्ट्रा समजून वाट पाहत बसणे योग्य ठरेल का?

डेक्कनवासी

स्पोल्स्ट्रा यांचे नाव काढलेत ते बरे झाले. २०१६-१७ मध्ये मायामी हीट निम्म्या हंगामात ११-३० वर होता. संघाचे अध्यक्ष पॅट रायली यांनी स्पोल्स्ट्रा यांना हात लावला नाही. उरलेल्या निम्म्या हंगामात त्याच संघाने बरोबर उलटे, ३०-११ असे करून ४१-४१ वर हंगाम संपवला. प्लेऑफ थोडक्यात हुकले, पण खेळाडूंना आणि प्रशिक्षकाला एकमेकांविषयी जे कळायचे ते कळले. त्या वेळी त्यांच्या नावावर दोन विजेतेपदे होती आणि क्रिस्टी यांच्या नावावर काहीच नाही, हा फरक मला मान्य आहे. म्हणूनच माझे म्हणणे त्यांना अभय द्या असे नाही. त्यांची परीक्षा कशावर घ्यायची ते आधी ठरवा, एवढेच आहे.

विजयांची संख्या यंदा निरर्थक आहे. शिट्टी यांनी सांगितलेल्या खुणा हा खरा निकष ठरावा : हंगामाच्या उत्तरार्धात तरुण खेळाडूंचा बचाव सुधारतो का, मरे आणि इतर नव्या मुलांना सलग मिनिटे मिळतात का, आणि परत न धावणाऱ्या खेळाडूला, त्याचे नाव कितीही मोठे असो, क्रिस्टी बाकावर बसवतात का. यातली तिसरी गोष्ट ते करू धजले नाहीत, तर एप्रिलमध्ये मी स्वतः त्यांना निरोप देण्याच्या बाजूने लिहीन. पण ती गोष्ट करण्याची मुभा जनरल मॅनेजर स्कॉट पेरी यांनी आणि रणदिवे यांनी त्यांना आधी दिली पाहिजे, आणि ती जाहीरपणे दिली पाहिजे.

बाकावरून

या धाग्यात वेळेचा मुद्दा थोडा सुटला आहे असे वाटते, म्हणून तेवढेच लिहितो. बदल करायचाच ठरला, तर तो एप्रिलच्या मध्यात शेवटचा सामना झाल्यावर लगेच व्हावा. जूनमध्ये ड्राफ्ट असतो, त्यानंतर लगेच मुक्त खेळाडूंचे करार सुरू होतात, जुलैत समर लीग असते आणि सप्टेंबरअखेरीस सराव शिबिर भरते. एप्रिल-मेमध्ये आलेल्या माणसाला या प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडता येते आणि आपल्या पद्धतीचे सहायक निवडता येतात. जानेवारीत आलेल्याला यातले काहीच मिळत नाही. सहा महिन्यांत ८२ सामने, त्यातले निम्मे परगावी, अशा वेळापत्रकात नवी बचावपद्धती बसवण्यापुरते सरावाचे दिवसही हाती लागत नाहीत. म्हणून मधल्या काळात बहुधा सहायकालाच खुर्चीवर बसवले जाते आणि तो आधीचीच पाटी पुढे गिरवतो. क्रिस्टी स्वतः असेच आले होते.

आणखी एक गोष्ट. निरोप समोर बसून द्यावा. ब्राउन यांनी त्या सकाळी संघाचा सराव घेतला होता आणि पुढच्या सामन्यासाठी ते विमानतळाकडे निघाले असताना त्यांना दूरध्वनीवरून कळवले गेले, आणि याविषयी मलोन यांनी डेन्व्हरमधून उघड संताप व्यक्त केला होता. चांगले प्रशिक्षक एकमेकांशी बोलतात. उद्या ही जागा रिकामी झाली, तर पहिल्या पसंतीचा माणूस ती स्वीकारण्यापूर्वी ब्राउन यांना फोन करील, आणि ब्राउन त्याला काय सांगतील याचा विचार पेरी यांनी आजच केलेला बरा.